इस्पितळ कोणाचे, तिजोरी कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'आरोग्यव्यवस्थेतील सुधारणा' हा विषय संयोजकांनी मला दिला, तेव्हा आपल्या जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांची दुरवस्था आणि खाजगी इस्पितळांची बिले यांवर मी बोलावे, अशी त्यांची बहुधा अपेक्षा असावी. परंतु त्या बाबतीत तुमचा अनुभव माझ्याहून मोठा आहे. रुग्णाला जीपमध्ये घालून रात्री-अपरात्री धावपळ तुम्ही करता. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. म्हणून त्या शास्त्राच्या अंगाने, आणि दोन दूरच्या देशांच्या उदाहरणाने, मी आज या प्रश्नाकडे पाहणार आहे. ते देश म्हणजे जॉर्जिया आणि किरगिझस्तान.

लोकसंख्येच्या मानाने जॉर्जिया आपल्या कोल्हापूर जिल्ह्याएवढा, सुमारे ३७ लाखांचा. किरगिझस्तान सत्तर लाखांच्या थोडा वर, म्हणजे पुणे जिल्ह्याहून लहानच. एक काळ्या समुद्राच्या काठचा, दुसरा चीनच्या सीमेलगतचा डोंगराळ मुलूख. १९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला तेव्हा या दोन्ही देशांची आरोग्यव्यवस्था एकाच साच्यातून काढलेली होती. दोघांचीही अर्थव्यवस्था तीन-चार वर्षांत कोसळली. आणि त्यानंतर दोघांनी 'सुधारणा' या एकाच शब्दाखाली अगदी भिन्न मार्ग धरले. अर्थशास्त्रज्ञाला प्रयोगशाळा नसते, असे म्हणतात. पण इतिहास कधीकधी ती आयती बांधून देतो. त्या प्रयोगात माणसे मरतात, एवढाच फरक.

प्रथम त्या समान वारशाविषयी. १९१८ च्या जुलैत सोव्हिएत रशियात आरोग्याचे स्वतंत्र कमिसार-खाते निर्माण झाले आणि निकोलाय सेमाश्को हे त्याचे पहिले कमिसार झाले. १९३० पर्यंत ते त्या पदावर होते. यादवी युद्ध, दुष्काळ आणि टायफसची साथ अशा काळात या गृहस्थाने जी व्यवस्था उभी केली, तिचे सूत्र सोपे होते. उपचार हा नागरिकाचा हक्क, खर्च राज्याच्या तिजोरीतून, आणि खेड्यातील आरोग्यसेवकापासून राजधानीतील संस्थेपर्यंत एक सलग साखळी. खेड्यात 'फेल्डशर', म्हणजे पदवीधर डॉक्टर नसलेला पण रीतसर शिकलेला वैद्यकीय सेवक, आणि त्याच्या जोडीला सुईण. त्यावर तालुक्याचे इस्पितळ, त्यावर प्रांताचे. शेजारी साथरोगांवर पहारा ठेवणारी स्वतंत्र केंद्रे. जिथे शतकानुशतके हिवताप आणि देवी यांचेच राज्य होते, त्या मध्य आशियात या साखळीने दोन पिढ्यांत जे केले, ते नाकारण्यात अर्थ नाही. आपल्या भोर समितीलाही या प्रयोगाचे आकर्षण होते. सोव्हिएत आरोग्यव्यवस्थेवर ग्रंथ लिहिणारे वैद्यकेतिहासकार हेन्री सिगेरिस्ट १९४४ साली त्या समितीच्या निमंत्रणावरून भारतात आले होते. पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे १९४६ च्या भोर अहवालाचे तत्त्व ज्या वातावरणात आकाराला आले, त्यात सेमाश्कोंचा वाटा होता.

तथापि या व्यवस्थेला समाजवादी म्हणून डोक्यावर घेणारे आणि सोव्हिएत म्हणून लाथाडणारे, दोघेही तिच्या हिशेबाच्या वह्या उघडून पाहत नाहीत. त्या पाहिल्या पाहिजेत. इस्पितळाला पैसा मिळत असे तो खाटांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या संख्येवर. पगाराचे लेखाशीर्ष वेगळे, कोळशाचे वेगळे, औषधांचे वेगळे. एका शीर्षातील रक्कम दुसऱ्याकडे वळविण्याची मुभा नाही. आता व्यवस्थापकाच्या जागी स्वतःला बसवून पाहा. रुग्ण दहा दिवसांऐवजी पाच दिवसांत बरा करून घरी पाठविला, तर खाट रिकामी राहते. खाट रिकामी दिसली तर पुढच्या वर्षी पैसा कमी. म्हणून रुग्ण ठेवून घ्यावयाचा. खेड्यातील डॉक्टरला उपकरण नाही, अधिकार नाही. तो चिठ्ठी लिहून वर पाठविणारा कारकून होतो. १९९० च्या सुमारास किरगिझस्तानात दर हजार लोकसंख्येमागे जवळजवळ १२ खाटा होत्या. आपल्याकडे सरकारी आणि खाजगी मिळूनही दर हजारी दोन भरत नाहीत! पण या बारा खाटांनी हृदयविकार, रक्तदाब आणि दारू यांपुढे हात टेकले होते. साठीच्या दशकाच्या मध्यानंतर सोव्हिएत पुरुषांचे आयुर्मान वाढण्याचे थांबले, पुढे काही काळ घसरलेसुद्धा. साथींशी लढण्यासाठी उभारलेली फौज लढाई संपल्यावर बराकीतच बसून राहिली होती.

यातला विरोधाभास असा की, आरोग्याची सुरुवात इस्पितळात न होता गावात झाली पाहिजे, ही जगन्मान्य घोषणा याच भूमीवर झाली. १९७८ च्या सप्टेंबरमध्ये सोव्हिएत कझाकस्तानची त्या वेळची राजधानी अल्मा-आटा येथे १३४ देशांचे प्रतिनिधी जमले आणि 'प्राथमिक आरोग्यसेवा' हा शब्द त्यांनी जगाच्या व्यासपीठावर ठेवला. त्या विचारामागे ज्या प्रयोगांची प्रेरणा होती, त्यांत डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात सुरू केलेले जामखेडचे काम होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली काढलेल्या एका ग्रंथात त्याची नोंद आहे. म्हणजे यजमान देश खाटा मोजत होता आणि त्याच्या घरी भरलेल्या परिषदेत जामखेडच्या निरक्षर आरोग्यसेविकांचा विचार मान्य होत होता.

अल्मा-आटाचा उत्साह फार टिकला नाही. कर्जाच्या संकटात सापडलेल्या गरीब देशांना १९८७ साली जागतिक बँकेने एक धोरणपत्र दिले. त्याचा गाभा असा की सरकारी दवाखान्यांत रुग्णांकडून शुल्क घ्यावे, विम्याला उत्तेजन द्यावे, खाजगी क्षेत्राला वाव द्यावा आणि कारभार विकेंद्रित करावा. शुल्काचा प्रयोग आफ्रिकेत काही ठिकाणी आधीच सुरू झाला होता. घानामध्ये १९८५ पासून शुल्के वाढली, आणि 'आधी रोकड, मग औषध' या अर्थाचे नाव लोकांनीच त्या पद्धतीला दिले. अर्थशास्त्राच्या पुस्तकात शुल्काचे समर्थन असे असते की त्यामुळे अनावश्यक मागणी आटोक्यात येते. प्रत्यक्षात कोणती मागणी आटोक्यात आली? युगांडाने २००१ च्या मार्चमध्ये सरकारी दवाखान्यांतील शुल्क रद्द केले तेव्हा उत्तर मिळाले. दवाखान्यांतली गर्दी एकाएकी वाढली, आणि वाढलेले लोक प्रामुख्याने गरीब होते. इतकी वर्षे ते आजारी नव्हते असे नाही. ते घरी पडून होते. घानानेही २००३ साली कायदा करून राष्ट्रीय आरोग्य विमा आणला आणि त्यासाठी मूल्यवर्धित करावर अडीच टक्क्यांचा वेगळा आकार बसविला. खर्च करातून भागवावयाचा, आजाऱ्याच्या खिशातून नव्हे, येथेच तो देश अखेर आला. त्यासाठी जवळजवळ वीस वर्षे गेली.

सोव्हिएत संघ मोडला तो अशा काळात, जेव्हा सल्लागारांच्या पेटीत हीच औषधे भरलेली होती.

मोडला म्हणजे काय झाले, हे आकड्यांनी सांगितले तरी मनाला पटत नाही. मॉस्कोहून येणारा निधी थांबला, कारखान्यांचे गिऱ्हाईक नाहीसे झाले. किरगिझस्तानचे राष्ट्रीय उत्पन्न १९९५ पर्यंत जवळजवळ निम्मे झाले. जॉर्जियात यादवी युद्ध पेटले आणि तेथील घसरण दोन-तृतीयांशांहून अधिक होती. १९९४ साली जॉर्जियाचे सरकार आरोग्यावर वर्षाकाठी माणशी एक अमेरिकी डॉलरसुद्धा खर्च करीत नव्हते. लसीकरण विस्कळीत झाले. घटसर्प हा पाठ्यपुस्तकात उरलेला रोग पुन्हा आला आणि १९९० ते १९९८ या काळात माजी सोव्हिएत देशांत त्याचे दीड लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. इस्पितळे मात्र उघडी होती. डॉक्टर येत होते, त्यांचे पगार महिनोन्महिने थकत होते. मग रुग्णाने औषध बाहेरून आणावयाचे, सुई आणावयाची, चादर आणि जेवणही घरून, आणि डॉक्टरच्या हाती काही ठेवावयाचे. कायद्याने सारे मोफतच होते. 'बाहेरून आणा' या दोन शब्दांचा अर्थ आपल्या सरकारी दवाखान्यांत ज्याने कधी रांग लावली आहे, त्याला मी समजावून सांगण्याची गरज नाही.

येथून दोन देशांच्या वाटा वेगळ्या होतात. आधी जॉर्जिया.

१९९५ पासून तेथे पगारावर आकारणी करून सामाजिक विमा उभारण्याचा प्रयत्न झाला. पण जेथे पगारदार माणूसच विरळा, तेथे पगारावरची आकारणी कोठून भरणार? २००३ च्या सत्तांतरानंतर जे सरकार आले त्याचे आर्थिक तत्त्वज्ञान काखा बेंदुकिद्झे या मंत्र्यांच्या नावाने ओळखले जाते. राज्याच्या मालकीचे जे जे विकता येईल ते विकावे, हे ते मोकळेपणाने सांगत. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदरच आहे. आपल्याकडे हेच काम 'भागीदारी' म्हणून केले जाते. आरोग्यासाठीची वेगळी आकारणी गेली. २००७ च्या जानेवारीत सरकारने इस्पितळ-विकासाची योजना जाहीर केली. तीन वर्षांत शंभर नवी इस्पितळे, सर्व खाजगी. जुन्या सरकारी इस्पितळांच्या इमारती आणि जमिनी गुंतवणूकदाराला द्यावयाच्या, त्यात तिबिलिसी शहरातील मोक्याच्या जागाही आल्या. बदल्यात त्याने ठरलेल्या ठिकाणी नवे इस्पितळ बांधावयाचे आणि किमान सात वर्षे ते चालवावयाचे. सात वर्षांनंतर काय, हा प्रश्न योजनेने विचारला नव्हता.

२००८ च्या ऑगस्टमध्ये रशियाशी युद्ध झाले, पाठोपाठ जागतिक मंदी आली आणि गुंतवणूकदार पळाले. शंभर इस्पितळांची योजना ठरल्या मुदतीत पार पडली नाही. मग सरकारने दुसरी युक्ती काढली. गरीब कुटुंबांचा विमा ते २००८ पासून खाजगी विमा कंपन्यांकडून उतरवीतच होते. २०१० साली त्यांनी कंपन्यांना प्रदेश वाटून दिले आणि त्या त्या प्रदेशात इस्पितळ बांधण्याची अट घातली. विमा देणारा तोच, इस्पितळाचा मालक तोच. पुढे औषधदुकानांच्या साखळ्याही त्याच मोठ्या भांडवलात मिसळल्या. 'स्पर्धेने किंमत उतरते' हे तत्त्व ज्यांनी आयुष्यभर शिकविले, त्यांच्यापैकी मी एक आहे. परंतु ज्या बाजारात विकणारा, हमी देणारा आणि सल्ला देणारा एकच असतो, त्या बाजाराचे नाव स्पर्धा नव्हे. २०१२ मध्ये जॉर्जियातील एकूण आरोग्यखर्चाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग लोक स्वतःच्या खिशातून देत होते. त्यातला फार मोठा हिस्सा औषधांवर जात होता.

किरगिझस्तान याहून गरीब. खनिज तेल नाही, समुद्र नाही, शेजाऱ्यांत वजन नाही. पण तेथे आरोग्य खात्यातील काही मंडळींनी बाहेरच्या सल्लागारांकडून पैसा आणि ज्ञान घेतले, आणि कार्यक्रम मात्र आपला आखला. आपल्या महाकाव्याच्या नायकाचे, 'मानास'चे, नाव त्यांनी त्याला दिले. १९९६ साली मंजूर झालेला हा कार्यक्रम दहा वर्षे चालला. १९९७ मध्ये सक्तीच्या आरोग्य विम्याचा एक निधी स्थापन झाला. मालकाकडून पगाराच्या दोन टक्के. ही रक्कम क्षुल्लक होती आणि खरी गोष्ट त्या रकमेत नव्हतीच.

खरी गोष्ट अशी. त्या देशात राजधानीची वेगळी इस्पितळे होती, प्रांताची वेगळी, शहराची वेगळी, तालुक्याची वेगळी. एकाच गावात एकाच रस्त्यावर दोन सरकारी इस्पितळे, दोन्ही अर्धी रिकामी, दोन्हींचे बॉयलर हिवाळाभर चालू. प्रत्येक स्तराची तिजोरी निराळी आणि प्रत्येक तिजोरीतला पैसा आपल्याच भिंती तापविण्यात संपणारा. रुग्णापर्यंत, म्हणजे औषध आणि जेवण या शीर्षांपर्यंत, जवळजवळ काही पोचत नसे. २००१ साली इस्सिक-कुल आणि चुई या दोन प्रांतांत सरकारने करातून येणारा हा सर्व पैसा त्या एका निधीकडे सोपविला. तालुका, शहर, प्रांत या कप्प्यांच्या भिंती पाडल्या. निधीने इस्पितळांना खाटांवर पैसा देणे बंद केले. बऱ्या केलेल्या रुग्णामागे, आजाराच्या प्रकारानुसार, ठरावीक रक्कम देऊ लागला. गावच्या डॉक्टरांच्या गटाला त्यांच्याकडे नोंदलेल्या माणसांमागे दरडोई रक्कम. दोन-तीन वर्षांत ही पद्धत देशभर गेली आणि २००६ पासून सर्व प्रांतांचा पैसा राष्ट्रीय पातळीवर एकत्र होऊ लागला, त्यामुळे श्रीमंत प्रांताकडून गरीब प्रांताकडे थोडे तरी पाणी वाहू लागले.

याचा परिणाम इमारतींवर झाला. रिकामी खाट आता ओझे झाली. व्यवस्थापकांनी स्वतःहून विभाग एकत्र केले, इमारती बंद केल्या. काही वर्षांत देशातील खाटा निम्म्याच्या आसपास आल्या.

साथींनो, येथे मला क्षणभर थांबले पाहिजे, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या कपाळावरची आठी मला येथून दिसते. सरकारी इस्पितळ बंद होणे म्हणजे खाजगीकरण, आणि त्याला विरोध म्हणजे आपले काम, हे समीकरण आपल्या हाडीमासी मुरले आहे. बहुतेक वेळा ते बरोबरही असते. जॉर्जियातही इस्पितळे गेली आणि किरगिझस्तानातही गेली. दोन्हींकडे वृत्तपत्रांत मथळा एकच येऊ शकला असता. पण जॉर्जियात इमारतीबरोबर तिजोरीही गेली. किरगिझस्तानात इमारत गेली आणि कोळशावर जाणारा पैसा औषधांवर आला. इस्पितळे सरकारचीच राहिली, फेल्डशर आणि सुईण गावातच राहिली. म्हणून एखादी इमारत बंद होत असेल तर मोर्चा काढण्यापूर्वी आपण विचारावयाचा प्रश्न असा आहे की वाचलेला पैसा कोठे गेला? तो वित्त खात्याने परत घेतला असेल तर मोर्चा काढलाच पाहिजे. किरगिझ आरोग्य खात्याला प्रत्यक्षात याच मुद्द्यावर आपल्याच वित्त खात्याशी झगडावे लागले. काटकसर केली की अनुदान कमी, हा त्या खात्याचा जगभरचा धर्म आहे.

दुसरी आठी सहभाग-शुल्काविषयी असेल. इस्पितळात दाखल होताना रुग्णाने एकदाच एक ठरावीक रक्कम भरावयाची, असे त्यांनी ठरविले. शुल्काला मी आताच नावे ठेवली आणि आता त्याचीच तरफदारी करतो आहे असे वाटेल. तरफदारी मी करीत नाही. पण तेथे आधीपासूनच पैसे द्यावे लागत होते, ते लपून आणि घासाघीस करून. ठरलेल्या, भिंतीवर लावलेल्या, पावती मिळणाऱ्या रकमेने त्यातला निदान अनिश्चितपणा काढून टाकला. युद्धात लढलेले, अपंग, आणि पुढे बाळंतिणी, पाच वर्षांखालील मुले, अतिवृद्ध यांना सूट मिळाली. सुरुवातीच्या वर्षांत सुधारणा झालेल्या प्रांतांत रुग्णांनी बाहेरून औषधे आणण्याचे प्रमाण खरोखर कमी झाले.

आणखी एक गोष्ट, जी मला या सर्व हिशेबाहून अधिक मोलाची वाटते. नारिन प्रांतातील जुमगाल या डोंगरी तालुक्यात स्विस मदतीने गावकऱ्यांच्या आरोग्य समित्या सुरू झाल्या. तज्ज्ञांनी आधी गावातल्या लोकांनाच विचारले की तुमच्या आजारांपैकी तुम्हांला अधिक भार कशाचा वाटतो. त्यातून गलगंड आला, जनावरांपासून होणारा ब्रुसेलोसिस आला. मग समितीतल्या बाया हाती चाचणीचे द्रावण घेऊन दुकानादुकानांत गेल्या आणि मिठात आयोडीन आहे की नाही ते तपासू लागल्या. नसेल तर दुकानदार घाऊक व्यापाऱ्याकडे तक्रार करी. कायदा होताच, त्याची अंमलबजावणी या बायांनी केली. पुढे अशा समित्या देशातील बहुतेक खेड्यांत झाल्या. जामखेडहून अल्मा-आटाला गेलेला विचार तेथून काही शे किलोमीटरवरच्या जुमगालच्या डोंगरात असा उगवला, असे म्हणावयाचा मोह होतो. पण तो मोहच आहे, बायांना ही गोष्ट शिकविण्यासाठी जामखेडची गरज नव्हती.

किरगिझस्तानचे गुणगान येथे थांबविले पाहिजे. २००७ साली ओश प्रांतातील इस्पितळांत लहान मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे उघडकीस आले. पैशाचे मार्ग दुरुस्त करता येतात, पण सुई उकळली की नाही हे पाहणारी शिस्त त्या मार्गांतून आपोआप वाहत येत नाही. डॉक्टरांचे पगार हलाखीचे राहिले. शिकलेला डॉक्टर रशियात किंवा कझाकस्तानात जाऊ लागला, राहिलेला पुन्हा रुग्णाच्या खिशाकडे पाहू लागला. औषधांच्या किमतींवर सरकारचा वर्षानुवर्षे अंकुश नव्हता. इस्पितळातले औषध निधीतून मिळे, पण रक्तदाबाचा, मधुमेहाचा माणूस इस्पितळात नसतो; तो घरी असतो आणि आयुष्यभर गोळ्या विकत घेतो. मागील दशकाच्या मध्यापर्यंत लोकांच्या खिशातून जाणारा वाटा पुन्हा एकूण खर्चाच्या निम्म्यावर गेला होता. २०२० च्या जुलैत कोविडच्या लाटेत बिश्केक शहरात प्राणवायूची यंत्रे स्वयंसेवक तरुणांनी वर्गणी काढून आणली. 'तुम्ही खाटा कमी केल्यात, भोगा आता,' असे त्या वेळी म्हटले गेले असल्यास नवल नाही. माझ्या मते त्या महिन्यात खाटेहून दुर्मिळ होता तो प्राणवायू आणि तो लावणारे हात. तथापि एवढे खरे की राखीव काही ठेवावे लागते, आणि ज्या हिशेबात रिकामी खाट केवळ नुकसान असते, त्या हिशेबात साथीची तरतूद बसत नाही. सोव्हिएत व्यवस्थेला जे समजले होते ते या सुधारकांनी नजरेआड केले.

तरीही २००५, २०१० आणि २०२० अशी तीन वेळा राष्ट्राध्यक्षांना रस्त्यावरच्या उठावाने घालविणाऱ्या त्या देशात हा एक निधी टिकून आहे. कोणत्याही नव्या सत्ताधाऱ्याला तो मोडणे परवडलेले नाही.

जॉर्जियाने काय केले? २०१२ च्या ऑक्टोबरात निवडणुकीत सत्तांतर झाले आणि २०१३ च्या फेब्रुवारीत नव्या सरकारने सर्व नागरिकांसाठी आरोग्ययोजना सुरू केली. गरिबांच्या विम्यातून खाजगी कंपन्यांना हळूहळू बाजूला केले. सरकारचा आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे दीड टक्क्यावरून तीन-चार वर्षांत तीन टक्क्यांवर गेला. खिशातून जाणारा वाटा तीन-चतुर्थांशावरून निम्म्याच्या जवळ आला. हा विजय लहान नाही, आणि मतपेटीने मिळविलेला आहे. पण इस्पितळे आता परक्याची होती. सरकार पैसा देणार, दर मात्र मालकाशी बोलून ठरणार. नफ्यासाठी बांधलेल्या इस्पितळांची गर्दी एवढी की खाटा अर्ध्याच भरत. तेव्हा उत्पन्न वाढविण्याचा मार्ग एकच, भरपूर आणि महाग उपचार. एक वेळ अशी आली की दर शंभर बाळंतपणांत चाळिसांहून अधिक शस्त्रक्रियेने होऊ लागली. जॉर्जियातील स्त्रियांची शरीररचना दहा वर्षांत बदलली नव्हती. २०१७ साली खर्च आवरेना म्हणून जास्त उत्पन्नाच्या लोकांना योजनेतून वगळले. २०२२ च्या अखेरीस आजाराच्या गटानुसार ठरावीक मोबदला देण्याची पद्धत तेथे आली. म्हणजे जे किरगिझ लोकांनी आपल्याच इस्पितळांत वीस वर्षांपूर्वी केले, ते जॉर्जिया आता दुसऱ्यांच्या इस्पितळांत करू पाहत आहे.

आपल्याशी याचा संबंध लांबून जोडावा लागत नाही. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतली मुले आज बिश्केक, ओश आणि तिबिलिसी येथे वैद्यकीय शिक्षण घेत आहेत, कारण येथील खाजगी महाविद्यालयांचे शुल्क त्यांच्या बापाला झेपत नाही. २०२४ च्या मे महिन्यात बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांवर जमाव चालून गेला तेव्हा येथल्या घरांत रात्रभर फोन चालू होते. ज्या गरीब देशाला स्वतःचे डॉक्टर टिकविता येत नाहीत, तो आपल्यासाठी डॉक्टर तयार करतो आहे. बाजाराने घडविलेली ही गंमत अर्थशास्त्राच्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेत शोभावी.

आणि योजनांचे म्हणाल, तर २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि पुढे राज्यभर गेलेली जी योजना आज महात्मा फुल्यांचे नाव धारण करते, तिची घडण पाहा. यादीतली शस्त्रक्रिया, यादीतले इस्पितळ, सरकारने भरलेला पैसा. एखाद्या हृदयरोग्याला तिने वाचविले असेल तर त्याच्या घरी जाऊन मी तिची निंदा करणार नाही. परंतु तिच्या यादीत रोजची गोळी नाही, बाह्यरुग्ण विभाग नाही. आणि सरकारी पैसा जर मोठ्या प्रमाणावर खाजगी इस्पितळांकडे वाहत असेल, तर काही वर्षांनी दर कोण ठरविणार, हे जॉर्जियाला विचारावे.

माझी सूचना अगदी साधी आहे आणि संयोजकांशी मी ती बोललो आहे. आपल्या प्रत्येक तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयाबाहेर महिनाभर, आठवड्यातून दोन दिवस, दोन कार्यकर्त्यांनी उभे राहावे. रुग्णाची परवानगी घेऊन, त्याचे नाव न लिहिता, 'बाहेरून आणा' म्हणून लिहून दिलेल्या औषधांची नावे आणि त्यांना पडलेली किंमत एवढेच वहीत टिपावे. सोबत माहितीच्या अधिकारात त्या रुग्णालयाचा वर्षाचा खर्च लेखाशीर्षांनुसार मागवावा. औषधांचे शीर्ष, विजेचे शीर्ष, दुरुस्तीचे शीर्ष, आणि मंजूर झालेली रक्कम परत गेली असेल तर तीही. अर्जाचा नमुना मी तयार करून आणला आहे, तो मागच्या टेबलावर ठेवला आहे. वह्या भरल्या की त्या माझ्याकडे पाठवा; बेरजा करण्याचे काम निवृत्त माणसाला जमते.